तिसरा मोठा की नववा? फॉर्म्युला रेसिंगमधली तरुण मुलं कशी जोखायची

२०१९ साली एफ-थ्रीचा, म्हणजे फॉर्म्युला वनच्या दोन पायऱ्या खालच्या मोटार शर्यतींचा, सीझन संपला तेव्हा आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला तिसरा आला होता आणि युकी त्सुनोदा नावाचा जपानी मुलगा नववा. पुढच्या वर्षी दोघंही एक पायरी वर, एफ-टूमध्ये गेले आणि योगायोगाने एकाच टीममध्ये, कार्लिनमध्ये, पडले. ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शर्यती बघणारी आम्ही पाच-सहा माणसं. सगळ्यांनी एकच हिशेब मांडला: आपला तिसरा, तो नववा, म्हणजे या वर्षी आपला पुढे. सीझन संपला तेव्हा त्सुनोदा तिसरा होता आणि जेहान बारावा. २०२१ मध्ये त्सुनोदा फॉर्म्युला वनच्या गाडीत बसला.

मला ते फार लागलं. जेहानने त्याच वर्षी शेवटच्या आठवड्यात बहरीनच्या साखीरला स्प्रिंट रेस (शनिवार-रविवारच्या दोन शर्यतींतली छोटी) जिंकली, एफ-टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला, त्याचा आनंद होताच. पण आमचा हिशेब इतका कसा चुकला, हे डोक्यातून जाईना. मी ऐरोलीला एका ऑफिसात हिशेबाचंच काम करते. एका रविवारी २०१९ चे सगळे निकाल पुन्हा काढून बसले. उत्तर त्या कागदांतच होतं. आम्ही फक्त शेवटचा रकाना वाचला होता.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. नव्याने या शर्यती बघायला लागलेल्यांसाठी त्या वहीची पद्धत इथे क्रमाने लिहिते आहे. गणित सातवीच्या पलीकडचं नाही. लागतो तो फक्त शुक्रवारचा थोडा वेळ.

आधी शिडी समजून घ्या

मुलं लहानपणी कार्टिंग करतात, म्हणजे छोट्या उघड्या गाड्या पळवतात. पंधरा वर्षं पूर्ण झाली की एफ-फोरमध्ये जाता येतं. एफ-फोर ही एकच स्पर्धा नाही, देशोदेशी वेगवेगळी आहे: इटलीची, ब्रिटनची, स्पेनची, यूएईची, आणि २०२३ पासून आपली भारताचीही. त्यावर फॉर्म्युला रीजनल, त्यात युरोपची सगळ्यात तगडी. त्यावर एफ-थ्री, मग एफ-टू, मग फॉर्म्युला वन. एफ-थ्री आणि एफ-टू बहुतेक करून फॉर्म्युला वनच्याच आठवड्यात, त्याच ट्रॅकवर होतात, त्यामुळे नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी. एफ-थ्रीत दहा टीम, प्रत्येकीच्या तीन गाड्या, एकूण तीस. एफ-टूत अकरा टीम, प्रत्येकी दोन, एकूण बावीस.

एफ-टूमध्ये सगळ्यांची चासी (गाडीचा सांगाडा) डल्लाराची, सगळ्यांचं इंजिन मेकाक्रोमचं, सगळ्यांचे टायर पिरेलीचे. हे ऐकून नवा माणूस म्हणतो, मग झालं तर, गाडी सारखी, म्हणजे जो पुढे तो चांगला. आम्हीही तेच म्हणत होतो. पण एकाच कंपनीची शिवणयंत्रं दहा घरांत असली तरी कपडे सारखे शिवून निघत नाहीत. सस्पेन्शन कसं लावायचं, टायर किती गरम करून सोडायचे, शुक्रवारच्या सरावातून शनिवारसाठी काय शिकायचं, हे टीमच्या इंजिनियरांच्या हातात असतं. चांगल्या टीमकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात.

पहिलं काम: टीममेट शोधा

हे काम एवढं महत्त्वाचं आहे की वेळ नसेल तर बाकीचं सोडून एवढंच केलं तरी चालेल.

२०१९ च्या एफ-थ्रीत पहिला रॉबर्ट श्वार्ट्झमन, दुसरा मार्कस आर्मस्ट्राँग, तिसरा जेहान. तिघंही एकाच टीमचे, प्रेमाचे. प्रेमा ही इटलीतली टीम, ज्युनियर रेसिंगमधलं मोठं घराणं. म्हणजे टेबलात तिसरा असलेला जेहान स्वतःच्या टीममध्येही तिसराच होता. उलट नवव्या क्रमांकाचा त्सुनोदा येन्झर नावाच्या छोट्या टीममध्ये होता आणि आपल्या टीममेटपेक्षा कितीतरी पुढे होता. शिवाय त्याच गाडीतून त्याने मोंझाला एक शर्यत जिंकली होती. सोसायटीतल्या कट्ट्यावर आम्ही तिसऱ्याची नवव्याशी तुलना करत बसलो. करायला हवी होती ती प्रत्येकाची त्याच्या घरातल्या भावंडाशी.

ही गोष्ट माझ्या भाच्याला तोंडी सांगून पटेना, म्हणून त्याला आणि शेजारच्या मुलीला नवी मुंबईत एका भाड्याच्या कार्टिंग ट्रॅकवर घेऊन गेले. पहिल्या फेरीत तो सात नंबरच्या कार्टमध्ये आणि ती अकरा नंबरच्या. त्याची चांगली लॅप, म्हणजे ट्रॅकला एक चक्कर, ४१.८ सेकंद, तिची ४२.६. पठ्ठ्या जिंकल्याच्या थाटात हेल्मेट काढून उभा राहिला. मग मी तिथल्या माणसाला विनंती करून कार्टची अदलाबदल करून घेतली. सात नंबरमध्ये तिची लॅप ४१.३, आणि अकरामध्ये त्याची ४३.२. कागदावर चार आकडे एकाखाली एक लिहून दिले आणि म्हटलं, आता तूच सांग. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, माझी गाडीच फास्ट होती." दोन कार्टमध्येच सव्वा-दीड सेकंदाचा फरक होता. कार्ट सारखं केलं की ती त्याच्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने पुढे. (ती त्याच्यापेक्षा हलकी आहे, आणि छोट्या कार्टमध्ये वजनाने खूप फरक पडतो, हेही वहीत लिहिलं. तिच्यावर अन्याय नको आणि त्याच्यावरही नको.)

खऱ्या शर्यतीत गाड्यांची अशी अदलाबदल करता येत नाही. टीममेट ही त्यातल्या त्यात जवळची सोय आहे: तीच टीम, तेच इंजिनियर, तोच डेटा, तसाच सेटअप.

दुसरं काम: क्वालिफाइंगचा फरक टक्क्यात मांडा

शर्यतीत धक्के लागतात, अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार येते, पुढचा मुलगा गिरकी घेतो आणि मागच्याचं वाटोळं होतं. म्हणून वेग मोजायचा तर क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार हे लॅपच्या वेळेवर ठरवणारं सत्र. एफ-टूचं क्वालिफाइंग तीस मिनिटांचं असतं. युरोपातल्या आठवड्यांत एफ-थ्रीचं क्वालिफाइंग शुक्रवारी साधारण संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आणि एफ-टूचं साडेसातच्या सुमाराला येतं. मी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरते तोवर एफ-थ्रीचं संपलेलं असतं. एफ-टूचं घरी चहा घेत बघते. वेळ चुकली तरी बिघडत नाही, दोन्ही स्पर्धांच्या अधिकृत संकेतस्थळांवर निकाल आणि लॅप टाइम मिळतात.

दोन टीममेटच्या वेळांतला फरक सेकंदात लिहून ठेवला तर पुढे घोटाळा होतो, कारण ट्रॅक लहानमोठे असतात. ऑस्ट्रियातला रेड बुल रिंग सुमारे ४.३ किलोमीटरचा, बेल्जियममधला स्पा सुमारे ७ किलोमीटरचा. समजा रेड बुल रिंगवर लॅप ७५ सेकंदांची आहे आणि फरक ०.२ सेकंदाचा. ०.२ भागिले ७५, गुणिले १००, म्हणजे सुमारे ०.२७ टक्के. तोच ०.२ चा फरक स्पाला ११८ सेकंदांच्या लॅपवर असेल तर फक्त ०.१७ टक्के. सेकंद सारखे दिसले तरी पहिला फरक दीडपटीहून मोठा आहे.

माझ्या वहीत प्रत्येक जोडीला एक पान असतं. डावीकडे ट्रॅकचं नाव, मग दोघांच्या वेळा, मग टक्के, आणि सगळ्यात उजवीकडे 'शेरा'. या शेऱ्याच्या रकान्यात कंजूषपणा करू नका. लाल झेंडा (सत्र थांबवण्याची खूण) आला आणि एकाची शेवटची लॅप अर्धवट राहिली? लिहा. ट्रॅकची हद्द ओलांडली म्हणून लॅप रद्द झाली? लिहा. मोंझासारख्या ट्रॅकवर लांबच लांब सरळ रस्ते आहेत, तिथे पुढच्या गाडीच्या आडोशाने हवा कमी लागते आणि वेळ सुधारतो. कुणाला आडोसा मिळाला, कुणाला नाही, दिसलं असेल तर तेही लिहा. सीझनच्या शेवटी शेरेवाल्या ओळी बाजूला काढा आणि उरलेले टक्के लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून मधला आकडा घ्या. सरासरी घेऊ नका. एका दिवशी कुणाची गाडी बिघडली की सरासरी सगळं चित्र फिरवते, मधला आकडा जागेवर राहतो.

मोनॅकोचं पान मी या हिशेबात धरतच नाही. तिथली गल्ली इतकी अरुंद आहे की सगळ्या गाड्या एकदम सोडता येत नाहीत, म्हणून क्वालिफाइंग दोन गटांत होतं. एकाच टीमची दोन मुलं सहसा वेगवेगळ्या गटांत पडतात. एक गट जातो तेव्हा ट्रॅकवर टायरचं रबर कमी बसलेलं असतं, म्हणून पकड कमी, दुसरा जातो तेव्हा जास्त. अशा वेळांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

साधारण ०.१ टक्क्याच्या आतला फरक मी बरोबरी समजते. ०.३ च्या वर गेला आणि अख्खा सीझन तसाच राहिला, तर दुसऱ्या मुलासाठी काळजीची गोष्ट आहे. ही रेघ मी माझ्या वह्या बघून मारलेली आहे. दोन सीझन लिहून झाले की तुम्ही तुमची मारा.

तिसरं काम: वय आणि कितवं वर्ष, दोन्ही लिहा

पुन्हा २०१९ कडे येते. जेहानचा जन्म ऑक्टोबर १९९८ चा, त्सुनोदाचा मे २००० चा. जेहान त्याआधी दोन वर्षं युरोपियन एफ-थ्री खेळून आला होता. त्सुनोदा जपानची एफ-फोर जिंकून पहिल्यांदाच युरोपात राहायला आला होता. नवे ट्रॅक, नवे टायर, भाषाही नवी. हे दोन रकाने तेव्हा माझ्या वहीत असते तर नववा क्रमांक मी वेगळ्या डोळ्यांनी वाचला असता.

एफ-टूत हे फार स्पष्ट दिसतं. शार्ल लक्लेर २०१७ मध्ये, जॉर्ज रसेल २०१८ मध्ये, ऑस्कर पियास्त्री २०२१ मध्ये आणि गाब्रिएल बोर्तोलेतो २०२४ मध्ये, चौघांनीही पहिल्याच वर्षी एफ-टू जिंकली. चौघंही फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले. फेलिपे द्रुगोविच २०२२ मध्ये जिंकला आणि तेओ पुर्शेर २०२३ मध्ये, पण दोघांचाही तो तिसरा पूर्ण सीझन होता. विजेतेपद तेच, चषक तोच, तरी या दोघांना फॉर्म्युला वनमध्ये नियमित जागा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी जिंकणं सोपं असतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पिरेलीचे हे टायर लवकर झिजतात, ते सांभाळायला शिकण्यातच वर्ष जातं, आणि एकदा ते शिकलेला मुलगा नव्या मुलाच्या दोन पावलं पुढे असतो. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या मुलाचा पाचवा क्रमांक आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाचा पाचवा क्रमांक मी एका ओळीत लिहीत नाही.

२०२४ ची प्रेमा टीमची जोडी या दृष्टीने बघण्यासारखी आहे. किमी आन्तोनेल्ली फॉर्म्युला रीजनलमधून थेट एफ-टूत आला, एफ-थ्री खेळलाच नाही. सीझन सुरू झाला तेव्हा वय सतरा. शेवटी सहावा आला. त्याचा टीममेट ऑली बेअरमन, दुसऱ्या वर्षाचा, बारावा. नुसतं टेबल वाचणारा म्हणेल, दोघंही सामान्य. पण बेअरमन त्याच्या आदल्या वर्षी त्याच टीममध्ये चार शर्यती जिंकून सहावा आला होता. २०२४ ला गाडी नवी होती आणि टीमला ती लवकर उमगली नाही. त्यात बेअरमन काही आठवडे एफ-टू सोडून फॉर्म्युला वनमध्येच होता. सौदीला तर त्याने एफ-टूचं पोल, म्हणजे क्वालिफाइंगमधली पहिली जागा, घेतलं होतं आणि फेरारीच्या कार्लोस सॅन्झला अपेंडिक्सचा त्रास झाला म्हणून त्याला त्या गाडीत बसवलं. सराव जवळजवळ नाही, आणि अकराव्या जागेवरून सातवा आला. २०२५ मध्ये आन्तोनेल्ली मर्सिडीजमध्ये आणि बेअरमन हासमध्ये. टीमवाल्यांनी सहावा आणि बारावा हे आकडे बाजूला ठेवले आणि आतलं बघितलं.

चौथं काम: स्प्रिंट आणि फीचर वेगळ्या मोजा

"अमक्याने तीन शर्यती जिंकल्या" हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या तीन?

शनिवारी स्प्रिंट रेस असते. तिच्यात क्वालिफाइंगच्या वरच्या जागा उलट्या केल्या जातात. एफ-टूत पहिले दहा उलटे, एफ-थ्रीत पहिले बारा. म्हणजे एफ-टूत दहावा आलेला मुलगा शनिवारी पहिल्या जागेवर उभा राहतो. रविवारी फीचर रेस, तिथे खरा क्रम. एफ-टूत फीचर जिंकल्याचे २५ गुण, स्प्रिंट जिंकल्याचे १०. एफ-टूच्या फीचरमध्ये टायर बदलायला एकदा थांबावंच लागतं, एफ-थ्रीत थांबणं नाही.

स्प्रिंटला कमी लेखायचं असं मात्र नाही. २०२५ मध्ये कुश मैनीने मोनॅकोची स्प्रिंट जिंकली, तिथे जिंकणारा तो पहिला भारतीय. उलट्या क्रमामुळे तो पहिल्या जागेवरून सुटला, हे खरं. पण मोनॅकोत भिंतीपासून वीतभर अंतरावरून, मागे दबाव असताना, अख्खी शर्यत चूक न करता काढणं ही मोठी गोष्ट आहे. ती मी वहीत लिहिली ती लाल शाईने. त्याच वहीत हेही आहे की २०२४ मध्ये इन्व्हिक्टा टीममध्ये त्याचा टीममेट बोर्तोलेतो पहिल्या वर्षी विजेता झाला आणि दुसऱ्या वर्षाचा कुश तेरावा राहिला. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही ठेवायच्या. आपल्या मुलासाठी जीव तुटतो म्हणून एक पान फाडून टाकायचं नाही.

उलट बाजूही आहे. लिओनार्दो फोर्नारोली २०२४ ची एफ-थ्री एकही शर्यत न जिंकता जिंकला. लोकांनी नाकं मुरडली. पण तीस गाड्यांच्या त्या गर्दीत दर आठवड्याला पुढे राहणं ही वेगळी कला आहे. पुढच्याच वर्षी, एफ-टूच्या पहिल्याच सीझनमध्ये, तो तिथलाही विजेता झाला.

शर्यतीच्या पानावर मी तीन गोष्टी लिहिते: कुठून सुटला, पहिल्या लॅपनंतर कुठे होता, शेवटी कुठे आला. मधल्या रकान्याकडे नीट लक्ष द्या. पहिल्या लॅपमध्ये सातत्याने जागा कमावणारा मुलगा वेगळाच दिसतो, आणि दर वेळी दोन जागा गमावणाराही. बोर्तोलेतो २०२४ मध्ये मोंझाची फीचर सगळ्यात शेवटून सुटून जिंकला. अशी शर्यत दिसली की सेफ्टी कार कधी आली आणि कोण कधी थांबलं हे आधी बघा, मग कौतुक करा. कौतुक करायचंच आहे, फक्त कशाचं ते कळायला हवं.

पाचवं काम: वेगवेगळ्या स्पर्धांतली मुलं एका रेघेवर आणणं

हे सगळ्यात अवघड. इटलीच्या एफ-फोरचा चौथा मोठा की ब्रिटनच्या एफ-फोरचा पहिला?

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. मुलाची भूक आणि दम दोन्ही त्यात दिसत होते, पण समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला होता, हेही त्याच धावफलकावर होतं. क्रिकेटमध्ये आपण समोर कोण गोलंदाज होते हे न सांगता विचारतो. पावसाळ्यात कांगा लीगमध्ये चिखलातल्या चाळीस धावांना किती मान द्यायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तीच सवय इथे आणायची.

ढोबळ मोजपट्टी म्हणून एफआयएची, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेची, सुपर लायसन्सची गुणपद्धत घ्या. फॉर्म्युला वन चालवायचं तर तीन सीझनमध्ये मिळून ४० गुण लागतात. एफ-टूच्या पहिल्या तिघांना प्रत्येकी ४०, एफ-थ्रीच्या विजेत्याला ३०, युरोपियन फॉर्म्युला रीजनलच्या विजेत्याला २५, एफ-फोरच्या विजेत्याला १२. कोणती पायरी किती उंच, याचा अंदाज यातून येतो. पण एका पायरीवरच्या मुलांमध्ये ही पट्टी भेद करत नाही. एफ-टूचा पहिला आणि तिसरा तिच्या लेखी सारखेच.

म्हणून दुवे शोधायचे. दोन स्पर्धांत खेळलेला एकच मुलगा हा दुवा. समजा 'अ' हा ब्रिटनमध्ये जिंकला आणि 'ब' इटलीत चौथा आला. दोघांची कधी गाठ पडली नाही. पण 'क' नावाचा मुलगा आधी ब्रिटनमध्ये 'अ'च्या मागे होता आणि मग इटलीत 'ब'च्याही मागेच राहिला. असे एक-दोन नाही, पाच-सहा 'क' जमले की चित्र हळूहळू दिसायला लागतं. एकाच 'क'वर इमारत बांधू नका. मधल्या काळात तो मोठा झालेला असतो, टीम बदललेली असते.

दुवे आयते मिळण्याच्या दोन जागा आहेत. एक, जानेवारी-फेब्रुवारीत आखाती देशांत होणारी फॉर्म्युला रीजनलची हिवाळी मालिका. निरनिराळ्या देशांतली मुलं तिथे एकाच प्रकारच्या गाडीत सरावासाठी येतात. आन्तोनेल्लीने २०२३ ला ती जिंकली आणि नंतर युरोपची रीजनलही. आपल्याकडून वेळेचा फरकही कमी, म्हणून थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी आरामात बघता येते. दुसरी जागा म्हणजे नोव्हेंबरमधलं मकाव. सहा किलोमीटरहून लांब, डोंगरावर चढणारा आणि समुद्राकडे उतरणारा शहरातला ट्रॅक, दोन्ही बाजूंना भिंती. २०२३ पर्यंत तिथे बहुतेक वर्षी एफ-थ्रीच्या गाड्या धावायच्या, २०२४ पासून फॉर्म्युला रीजनलच्या. जगभरातले चांगले मुलगे एकाच आठवड्यात एकमेकांसमोर येतात. मकावचं पान मी वहीच्या मधोमध, आडवं करून आखते.

भारताच्या एफ-फोरमधलं एखादं मराठी पोर पुढे जाईल का, असं मला विचारलं जातं. पद्धत हीच. तिथे परदेशी मुलंही येऊन खेळतात. ती मुलं आधी किंवा नंतर आणखी कुठे खेळली, तिथे कितवी आली, हे शोधा. मग आपल्या मुलाने त्यांना किती टक्क्यांनी गाठलं ते मांडा. नुसता चषकाचा फोटो बघून ठरवू नका, आणि गाड्या कमी होत्या म्हणून नाकही मुरडू नका.

वही जिथे थकते

२०२० च्या एफ-थ्रीत पियास्त्री १६४ गुणांनी जिंकला. दुसरा पुर्शेर १६१, तिसरा लोगन सार्जंट १६०. इतक्या अटीतटीने जिंकलेल्या पियास्त्रीने त्या सीझनमध्ये एकही पोल घेतलं नव्हतं. वर्षभर त्याच्या गाडीचा मागचा उघडणारा पंखा, डीआरएस, त्रास देत होता. माझ्या क्वालिफाइंगच्या रकान्यात तो साधाच दिसत होता. पुढच्या वर्षी एफ-टूत त्याने सलग पाच पोल घेतले.

तसंच लक्लेर. २०१७ मध्ये प्रेमा टीममध्ये त्याचे २८२ गुण आणि टीममेट अँतोनिओ फुओकोचे ९८. हे आकडे वाचून फुओकोला मोडीत काढलं असतं तर केवढी चूक झाली असती. त्याच फुओकोने २०२४ मध्ये फेरारीतून ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. टीममेटशी तुलना करताना समोरचा टीममेट केवढा आहे, हा प्रश्न कायम उघडा ठेवावा लागतो. आणि मुलगा वीस वर्षांचा असताना तो कुठवर जाईल याची शेवटची ओळ लिहायची नाही. त्या जागी मी पेन्सिल वापरते.

आकड्यांबरोबर डोळेही हवेत. गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं तर स्टिअरिंगवरचे हात बघा. वळणात एकदाच वळवून सोडून देतो की सारखा झटके देत सावरतो? पाऊस आला की पहिल्या दोन लॅपमध्ये कोण नेहमीची रेघ सोडून बाहेरच्या, कमी गुळगुळीत डांबरावर जातो? कुणाला मागे टाकताना ब्रेक उशिरा लावून घुसतो की दोन वळणं आधीपासून जागा तयार करतो? हे टक्क्यात येत नाही, पण शेऱ्यात मावतं.

सुरुवात करताना सगळी बावीस किंवा तीस मुलं घेऊ नका, दमून जाल. एफ-टूची एक जोडी आणि एफ-थ्रीचं एक त्रिकूट निवडा. एखादी मोठी टीम आणि एखादी छोटी, म्हणजे फरक समजतो. दोनशे पानी वही पुरते. चार रंगांची शाई असली तर छानच. भाच्याने या वर्षी शेजारच्या मुलीबरोबर मिळून स्वतःची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर दोघांनी सात आणि अकरा नंबरच्या कार्टचे ते चार आकडे उतरवून घेतले आहेत, आणि तिच्या नावापुढे शेऱ्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं आहे: "वजन कमी, पण खरंच फास्ट."